नवे आख्यान आणि जाणते प्रेक्षक

दशावतारी नाटकांतून हल्ली लागणाऱ्या कल्पित आख्यानांविषयी जुन्या प्रेक्षकांची जी कुरकुर चालते, ती आता कोणास नवी राहिलेली नाही. कार्तिकात जत्रा सुरू होतात. तेव्हापासून थेट वैशाखापर्यंत गावाहून परतलेला मनुष्य हटकून दोन गोष्टी सांगतो. एक, देवीचे दर्शन उत्तम झाले. दुसरी, रात्रीचे आख्यान काही पुराणातले नव्हते. हे दुसरे वाक्य कोणी खंतीने उच्चारतो, कोणी उघड रागाने. आणि सांगणारा तरुण असेल तर त्याच वाक्यात आनंदही असतो, कारण पुढे काय होणार हे ठाऊक नव्हते हीच त्याच्या दृष्टीने त्या रात्रीची मौज. या रागाकडे म्हाताऱ्यांची सवय म्हणून आणि या आनंदाकडे पोरवय म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. आम्हांस हा प्रघात मान्य नाही. दोघेही एका खऱ्या प्रश्नाच्या दोन टोकांस धरून बसले आहेत असे आमचे मत आहे, आणि त्या प्रश्नाचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

आम्ही राहतो भोपाळात. महाराणा प्रताप नगर हा कचेऱ्यांचा, वर्तमानपत्रांच्या कार्यालयांचा आणि शिकवणीवर्गांचा भाग. येथे ग्रामदेवता नाही, पालखी नाही, आणि मध्यरात्री मृदंगावर थाप पडत नाही. परंतु कुलदेवता सिंधुदुर्गात वा गोव्यात असलेली कुटुंबे या शहरात आहेत. मंगला एक्सप्रेस भोपाळहून थेट कोकणात नेऊन सोडते. आणि जाऊन आलेल्यांच्या तोंडून जत्रेची वार्ता येते. शिवाय प्रयोगांची चित्रमुद्रणेही हल्ली घरबसल्या पाहावयास मिळतात. दूर राहणाऱ्यास एक लाभ असतो. जत्रेच्या मांडवात बसलेला मनुष्य आपल्या मंडळाचा अभिमानी असतो, आणि अभिमान्याकडून तुलना होत नाही. ती आम्हांस करता येते.

आमच्या वाचकांस दशावतार म्हणजे काय हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. तथापि एका गोष्टीचे स्मरण करून देतो, कारण पुढील सारे विवेचन तिच्यावर उभे आहे. या नाटकाला लिखित संहिता नसते. पूर्वरंग ठरलेला: सूत्रधार, गणपती, ऋद्धिसिद्धी, सरस्वती, ब्रह्मदेव, वेद पळवणारा काळाकभिन्न संकासुर आणि त्याचा वध करणारा विष्णू. एकदा उत्तररंग सुरू झाला की मात्र सारे मोकळे. प्रयोगापूर्वी मंडळातील जाणता मनुष्य कथेचा ओघ सांगतो, भूमिका वाटून देतो, आणि तोंडास रंग लावता लावता ज्याने त्याने आपले भाषण मनाशी जुळवावयाचे. पायपेटी, मृदंग, झांज आणि एक लाकडी बाकडे एवढी सामग्री. तेच बाकडे राजाचे सिंहासन, तोच ऋषीचा आश्रम, तोच पर्वत. समोरचा नट काय बोलणार हे नटास ठाऊक नसते. धर्मराजाने अनपेक्षित प्रश्न टाकला तर भीमाने तेथल्या तेथे उत्तर दिले पाहिजे, आणि ते भीमाचे असले पाहिजे.

आता या व्यवस्थेत कोणते उत्तर भीमाचे आणि कोणते नव्हे, हे ठरवणार कोण? ग्रंथ जवळ नाही. दिग्दर्शक म्हणून कोणी विंगेत उभा नाही. मुळात विंगच नाही. हा निवाडा समोर बसलेल्या माणसांकडे असतो. त्यांनी ‘कीचकवध’ वीस वेळा पाहिलेला असतो. कीचक मरणार हे त्यांस ठाऊक आहे, कोणत्या रात्री आणि कोणत्या वेषातल्या भीमाकडून मरणार हेही ठाऊक आहे. ते पाहावयास येतात ते आजचा भीम हा प्रसंग कसा निभावतो, आजची सैरंध्री आपले दुःख कोणत्या युक्तिवादाने त्याच्या गळी उतरवते, हे. नट घसरला तर पुढल्या रांगेतून लगेच आवाज येतो. नेरूरच्या कलेश्वर मंडळाचे बाबी कलिंगण किंवा त्यांचे पुत्र सुधीर कलिंगण, जे 2022 साली निवर्तले, यांची ख्याती ज्यांनी ऐकली आहे त्यांस हे ठाऊक आहे की ती नुसत्या आवाजाची वा रूपाची ख्याती नव्हती. जाणत्यांसमोर उभे राहून न अडखळण्याची ती ख्याती होती.

असे असता ‘हे पुराणात नाही’ या आक्षेपाचे वजन किती? आमच्या मते, फार थोडे. पुराणात काय आहे याविषयी आपल्या साऱ्यांच्याच कल्पना पोथीपेक्षा आख्यानांवर अधिक पोसलेल्या आहेत. लक्ष्मणरेषा वाल्मीकींच्या रामायणात नाही. पण ती न ओलांडता सीताहरण करून दाखवा म्हटले तर कोणते मंडळ तयार होईल? पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1919 साली महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे कार्य हाती घेतले आणि 1966 साली ते पूर्ण केले. तिच्यातील सभापर्वाचे संपादन फ्रँकलिन एजर्टन या अमेरिकन पंडिताने केले. त्या पर्वाच्या मूळ संहितेत, द्रौपदीची वस्त्रे वाढत जातात हे आहे. पण तिने केलेला कृष्णाचा धावा उत्तरकालीन भर ठरवून बाजूस काढलेला आहे. पंडितांच्या दृष्टीने तो निर्णय योग्यच असेल. परंतु कृष्णावाचून वस्त्रहरण लावून पाहा! सभामंडपातले लोक उठून जातील, आणि त्यांचे काही चुकले असे आम्ही म्हणणार नाही. ज्याने कोणी प्रथम तो धावा रचला, त्याने कल्पितच आख्यान रचले होते. ते टिकले, कारण ते द्रौपदीस शोभले आणि कृष्णासही शोभले.

‘शोभणे’ हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरतो. मालवणी प्रेक्षक नाराज झाला म्हणजे ‘ह्यां पुराणात नाय’ असे क्वचितच म्हणतो. तो म्हणतो, ‘ह्यां कर्णाक शोभणां नाय.’ या दोन वाक्यांत मोठे अंतर आहे. पहिले पोथीचे वाक्य, दुसरे रसिकाचे. पात्राने काय केले याची नोंद पहिल्यात आहे; पात्र काय करील आणि काय करणार नाही याची जाण दुसऱ्यात. जुन्या प्रेक्षकांचा राग नीट ऐकला तर तो बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारचा असतो. दुर्दैव असे की वाद घालण्याची वेळ आली की तेच लोक पहिल्या प्रकारचे शस्त्र उचलतात आणि हरतात.

गंगाराम गवाणकर यांच्या ‘वस्त्रहरण’चे उदाहरण येथे उपयोगी पडेल. 1980 साली ते रंगभूमीवर आले आणि मच्छिंद्र कांबळी यांनी ते घरोघर पोहोचवले. महाभारतातील सर्वांत दारुण प्रसंगाच्या प्रयोगाचा त्यात पार फज्जा उडतो. तरीही देवळात नियमाने जाणाऱ्या आमच्या वडीलधाऱ्यांनी ते पोट धरून हसत पाहिले. का? कारण हसे होते ते गावच्या हौशी नटांचे, त्यांच्या मानपानाचे आणि विसरलेल्या भाषणांचे. द्रौपदीचे हसे झाले नाही. शिवाय जे प्रेक्षक संकासुराच्या तोंडून देवादिकांची टिंगल पिढ्यान् पिढ्या ऐकत आले, त्यांस थट्टा कोणत्या मर्यादेपर्यंत जाते हे शिकवावे लागत नाही. तेव्हा नावीन्याचा त्यांस विटाळ आहे हा आरोप टिकत नाही.

मग नव्या आख्यानांत नडते कोठे? आम्ही पाहिलेल्यांपैकी बहुतेकांचा साचा एक आहे. ज्याचे नाव कोणत्याही पुराणात सापडणार नाही असा एक असुर तप करतो व वर मिळवतो. कोणा राजाची कन्या शापामुळे रानात वाढते. एक ऋषी आहे. कथा जेथे अडेल तेथे तो शाप देतो आणि जेथे पुन्हा अडेल तेथे उःशाप देतो. पहाटेस शिव, विष्णू किंवा देवी प्रकट होऊन सर्व निस्तरते. प्रसंग वेगाने घडतात, युद्धे भरपूर होतात, आणि प्रेक्षक जागा राहतो हे आम्ही मान्य करतो. परंतु एक गोष्ट त्याच्या हातून काढून घेतली जाते. हा असुर असे बोलेल काय, हे त्याने कशावरून ठरवावे? त्या असुराला त्याने आज प्रथमच पाहिले. ती राजकन्या मानी आहे की भोळी, हे नटालाही कथा ऐकताना संध्याकाळी कळले. नट काहीही बोलला तरी ते चुकत नाही. आणि जेथे काहीच चुकू शकत नाही तेथे काही विशेष बरोबर येण्याचीही सोय उरत नाही. वीस वर्षे पुढल्या रांगेत बसून ज्याने निवाडे केले, तो त्या रात्री केवळ बघ्या होऊन घरी जातो. कुरकुरीचे मूळ येथे आहे. आपला अधिकार गेला हे त्यास कळते, पण ते त्यास नेमके सांगता येत नाही. म्हणून तो पुराणाची साक्ष काढतो.

याच्या उलट एक कल्पना करून पाहू. अज्ञातवासात भीम बल्लव होऊन विराटाच्या पाकशाळेत राबत आहे. समजा, कोण्या मंडळाने असे आख्यान रचले की कीचकाच्या घरी मेजवानी आहे आणि स्वयंपाकाचे काम बल्लवावर आले आहे. पंगतीत कीचक सैरंध्रीविषयी अभद्र बोलतो. वाढणारा बल्लव ते ऐकतो. ओळख फुटली तर पुन्हा बारा वर्षांचा वनवास. गप्प राहावे तर तो भीम कसला? आम्ही हा प्रसंग आताच, लिहिता लिहिता जुळवला, आणि त्यास कोणत्याही ग्रंथाचा आधार आहे असा आमचा दावा नाही. परंतु जत्रेतल्या प्रत्येक प्रेक्षकास येथे मत असेल. नटाने हातातील पळी जरा अधिक जोराने आपटली तर टाळी पडेल. तो निमूटपणे हसत वाढत राहिला तर मागून कोणी म्हणेल, ‘ह्यो भीम न्हय, ह्यो खरोच आचारी!’ कथा अगदी नवी, पुढे काय होणार हे तरुणासही ठाऊक नाही आणि म्हाताऱ्यासही; तरी निवाड्याचा अधिकार शाबूत. जुन्या स्वभावापुढे नवा पेच टाकणे, हीच नव्या आख्यानाची खरी वाट होय असे आम्हांस वाटते.

हा प्रश्न आपल्याच मांडवापुरता आहे असे कोणी समजू नये. महाराणा प्रताप नगरातील एका शिकवणीवर्गास आलेला आमच्या आप्तांतील एक मुलगा सुटीच्या दिवशी मित्रांसह एक खेळ खेळतो, आणि त्याने सांगितलेली हकीकत ऐकून आम्ही चकित झालो. हा खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाने 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी काढला. मेजाभोवती चारपाच जण बसतात. प्रत्येक जण एकेक पात्र घेतो, कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी देवाचा उपासक. आणि एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो. भाषणे पाठ केलेली नसतात. थोडक्यात, रंग, मृदंग आणि देव वगळलेला दशावतार. फक्त जयपराजय फाशांवर.

या खेळासाठी काही कल्पित जगे रचलेली आहेत. त्यांपैकी ‘ड्रॅगनलान्स’ हे 1984 साली ट्रेसी हिकमन व मार्गारेट वाइस यांच्या हातून आकारास आले. त्या जगाची कथा आपल्या वाचकांस विचार करावयास लावील. एका नगरीचा धर्मगुरू गर्वाने इतका फुगला की तो देवांनाच आज्ञा करू लागला. देवांनी आकाशातून जळता पर्वत टाकून ती नगरी बुडवली आणि नंतर तीनशेहून अधिक वर्षे ते मौन झाले. त्या अवधीत कोणाही उपासकाच्या हातून रोगी बरा होत नाही, प्रार्थनेस उत्तर येत नाही. पहिल्या साहसकथेत गोल्डमून नावाची एक स्त्री त्या हरवलेल्या देवांचा माग काढीत जाते आणि तिच्या हातून उपासना पुन्हा सुरू होते. अर्थात त्या जगात आरंभी खरा उपासक नसतोच. तो पुढे मिळवावयाचा असतो.

2022 च्या डिसेंबरात याच जगासाठी ‘शॅडो ऑफ द ड्रॅगन क्वीन’ हे नवे साहस प्रसिद्ध झाले. रचनाकारांनी मोठ्या युद्धाची बाजूची एक आघाडी निवडली, म्हणजे जुन्या नायकांच्या वाटेस जावे लागू नये. आणि ज्यास उपासक व्हावयाचे असेल त्याच्यासाठी आरंभीच एक लहानसा प्रवेश घातला: देव त्याच्याशी बोलतो, आणि तो कामास लागतो. नवख्यांस हे सोयीचे वाटले. त्यांस युद्ध हवे होते, ते मिळाले. जुन्यांपैकी कित्येक मात्र दुखावले. त्यांतील काहींची तक्रार फुटकळ होती. या जगात सोन्याऐवजी पोलादाची नाणी चालत, येथे अमुक जातीचे राक्षस नसतच, असल्या नोंदींवर ते अडून बसले. हे आपल्या ‘पुराणात नाही’ पंथाचे सख्खे भाऊ. पण उरलेल्यांचे म्हणणे असे की तीन शतकांचे मौन अर्ध्या तासात मोडले तर मौनाला अर्थ काय उरला? हा आक्षेप आम्हांस रास्त वाटतो. नाणी बदलली तरी जग तेच राहते. देवांचे मौन हा त्या जगाचा स्वभाव होता. आपल्या मांडवातल्या भाषेत, ते त्या जगास शोभले नाही. आणि हेही नमूद केले पाहिजे की जुन्या नायकांस टाळून रचनाकारांनी नव्या खेळाडूंस मोकळीक दिली, पण जाणत्यांच्या हातून निवाड्याचे माप काढून घेतले. अनामिक असुर निर्माण करणाऱ्या आमच्या मंडळांनी तेच केले आहे.

एका बाबतीत मात्र त्यांची आणि आपली स्थिती निराळी. त्या जगाला मालक आहे. मूळ प्रकाशन संस्था 1997 साली ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ने घेतली, आणि ती 1999 साली हॅस्ब्रो या खेळणी करणाऱ्या कंपनीकडे गेली. 2020 च्या ऑक्टोबरात तर खुद्द वाइस व हिकमन यांना आपणच घडविलेल्या जगाविषयी नव्या कादंबऱ्या लिहिण्यासाठी या कंपनीविरुद्ध न्यायालयात जावे लागले. डिसेंबरात त्यांनी दावा मागे घेतला आणि 2022 मध्ये कादंबरी निघाली. तेथे रसिकाने कितीही तक्रार केली तरी शेवटचा शब्द मालकाचा. भीमाचा मालक कोण? वालावलकर नव्हेत, मोचेमाडकर नव्हेत, पार्सेकर वा आरोलकरही नव्हेत. देवस्थान समितीही नव्हे, हे आमच्या काही समितीकार मित्रांस आवडणार नाही. म्हणून आपल्याकडे पुढल्या रांगेच्या कुरकुरीला जे मोल आहे ते अमेरिकेतल्या कुरकुरीला नाही. ती गप्प झाली की दुसरा निवाडा करणारा कोणी नाही.

ट्रिकसीनविषयी फारसे लिहीत नाही. त्यावर पुष्कळ बोलले जाते. बाकड्याचा पर्वत प्रेक्षक मनात रचतो, आणि धूर व विजेचे दिवे यांनी रचलेला पर्वत त्यास आयता मिळतो, एवढाच त्यातील मुद्दा. मुलांस ते आवडते, आणि मुले मांडवात आली पाहिजेत. 2025 साली सुबोध खानोलकर यांच्या ‘दशावतार’ या चित्रपटात दिलीप प्रभावळकरांनी वृद्ध दशावताऱ्याचे काम केले, तेव्हा ज्यांनी कधी जत्रा पाहिली नव्हती तेही या कलेविषयी विचारू लागले. त्यांपैकी कोणी उद्या कुडाळच्या किंवा पेडण्याच्या बाजूस एखाद्या देवळात येऊन बसला, तर ‘आयज खंयचें आख्यान?’ हा प्रश्न तोही विचारील. त्यास काय दाखवावयाचे?

मंडळांची अडचण आम्ही जाणतो. एकाच तालुक्यात रोज प्रयोग, तेच प्रेक्षक गावोगाव फिरणारे. चार मंडळांचे नामांकित नट एकत्र आणून केलेल्या संयुक्त प्रयोगांची चढाओढ. आणि नटाचे पोट जत्रेच्या मोसमावर. नवे द्यावेच लागते. तेव्हा नवे लावूच नका असा सल्ला घरी बसून देणे सोपे आहे आणि निरर्थकही. आमची सूचना लहान आहे. नवे आख्यान असेल त्या रात्री, संकासुर पडल्यावर आणि उत्तररंग सुरू होण्यापूर्वी, सूत्रधाराने पाच मिनिटे पुढे येऊन कथेतील मुख्य पात्रांची ओळख करून द्यावी: हा असुर कोण, त्याने कोणते वचन दिले आहे, ही राजकन्या कशास भिते. शेवट सांगू नये. रंगपेटीशी बसलेल्या नटांस जे संध्याकाळी सांगितले, त्यातलेच थोडे मांडवासही सांगावे. मग मध्यरात्री दोन वाजता तो असुर आपले वचन विसरून भलतेच बोलू लागला, तर पुढल्या रांगेतले आजोबा काठी आपटून त्यास आठवण करून देतील.